डोक्याआधी पाय

सस्तन प्राण्यांमध्ये दोन पायांवर वावरणारे प्राणी थोडेच आहेत, आणि त्यांतही माणसासारखे चालणारा दुसरा कोणीच नाही. कांगारू दोन पायांवर उड्या मारतो, परंतु सावकाश पुढे सरकताना त्याला पुढचे पाय आणि शेपूट दोन्ही टेकावे लागतात. अस्वल किंवा चिंपांझी प्रसंगी उभे राहतात, चार पावले टाकतातही, पण थोड्याच वेळात पुन्हा चारही पायांवर येतात. धड ताठ, गुडघे सरळ, दोन्ही हात मोकळे आणि दिवसभर हीच चाल, हे माणसाचेच वैशिष्ट्य असून त्याला शास्त्रीय परिभाषेत ‘द्विपादता’ असे म्हणतात. चिंपांझीच्या वंशापासून वेगळ्या झालेल्या मानवी शाखेतील सर्व जातींना, मग त्या आज हयात असोत वा नामशेष, ‘होमिनिन’ म्हणतात. आणि एखादा जीवाश्म, म्हणजे शिळारूप झालेला अवशेष, या शाखेतील आहे की नाही हे ठरवताना संशोधक प्रथम ज्या गोष्टी तपासतात, त्यांत तो प्राणी दोन पायांवर चालत होता का, हा प्रश्न अग्रभागी असतो.

हा प्रश्न इतका महत्त्वाचा मानला जाऊ लागला तो मात्र बऱ्याच उशिरा. चार्ल्स डार्विनने १८७१ साली मानवाच्या उत्पत्तीविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा माणसाचे पूर्वज आफ्रिकेत असावेत हा अंदाज त्याने अचूक बांधला होता. परंतु दोन पायांवर उभे राहणे, हात मोकळे होणे, हत्यारे वापरणे, सुळे लहान होणे आणि बुद्धी वाढणे या सर्व गोष्टी एकमेकींना पुढे ढकलत साधारण बरोबरीनेच घडल्या असाव्यात, असे चित्र त्याने उभे केले. डार्विननंतरच्या पिढीतील अनेक नामवंत शरीरशास्त्रज्ञ यापुढे जाऊन असे मानू लागले की आधी मेंदू मोठा झाला आणि शरीराने त्याच्यामागून वाट धरली. या समजुतीत मानवी अहंकाराचा वाटा किती होता याचे मोजमाप करता येणार नाही, पण तो नव्हता असे म्हणणे धाडसाचे ठरेल. इंग्लंडमधील पिल्टडाउन येथे १९१२ साली ‘सापडलेली’ कवटी, जिच्यात माणसाचे मोठे डोके आणि कपीचा जबडा एकत्र होते, ती याच अपेक्षेला तंतोतंत जुळत होती. म्हणूनच ती माणसाची कवटी आणि ओरांगउटानचा जबडा यांची बनावट जोडणी आहे हे सिद्ध होण्यास १९५३ साल उजाडावे लागले.

दरम्यानच्या काळात खरा पुरावा समोर येऊन गेला होता. दक्षिण आफ्रिकेतील ताउंग येथील चुनखडीच्या खाणीतून निघालेली एका बालकाची कवटी रेमंड डार्ट या शरीरशास्त्राच्या प्राध्यापकाने अभ्यासली आणि १९२५ च्या फेब्रुवारीत तिचे वर्णन प्रसिद्ध करून त्या जातीला ‘ऑस्ट्रेलोपिथेकस आफ्रिकानस’ हे नाव दिले. कवटीच्या तळाशी एक मोठे छिद्र असते, ज्यातून मज्जारज्जू मेंदूपासून खाली कण्यात उतरतो. चार पायांवर चालणाऱ्या प्राण्यांत ते कवटीच्या मागच्या बाजूकडे असते, तर माणसात ते जवळजवळ मध्यभागी असते, कारण माणसाचे डोके उभ्या कण्यावर तोललेले असते. ताउंगच्या बालकाचा मेंदू कपीइतकाच लहान, पण हे छिद्र मात्र पुढे सरकलेले होते, आणि त्यावरून डार्टने हा प्राणी ताठ चालत असावा असा निष्कर्ष काढला. लंडनमधील जाणकारांनी ही कवटी एखाद्या लहान कपीची ठरवून बाजूला सारली. बालवयातील कपींच्या कवट्या प्रौढांपेक्षा अधिक मानवसदृश दिसतात हा त्यांचा आक्षेप निराधार नव्हता. तथापि पिल्टडाउनच्या कवटीला त्यांनी जी सवलत दिली, ती ताउंगच्या वाट्याला आली नाही हेही खरेच.

भारतीय उपखंडाचा या कथेशी संबंध आला तो याच सुमारास, आणि तोही एका चकव्याच्या रूपाने. येल विद्यापीठाच्या जी. एडवर्ड लुईस या तरुण संशोधकाला १९३२ साली शिवालिक टेकड्यांत वरच्या जबड्याचा एक तुकडा मिळाला, आणि त्याने त्याला ‘रामापिथेकस’ हे नाव दिले. १९६० च्या दशकात एल्विन सायमन्स आणि डेव्हिड पिलबीम यांनी लहान सुळे आणि जबड्याची कथित मानवसदृश कमान यांच्या आधारे रामापिथेकस हा मानवी वंशाचा आद्य प्रतिनिधी असल्याचे प्रतिपादन केले. त्यामुळे मानवी वंश एक कोटी वर्षांहून जुना असल्याचे पाठ्यपुस्तकांतही शिकवले जाऊ लागले. पायाचे एकही हाड हाती नसताना, केवळ जबड्यावरून, हा प्राणी ताठ चालत असावा आणि हाताने अन्न हाताळत असावा असे तर्कही लढवले गेले. या मांडणीला पहिला धक्का दिला तो प्रयोगशाळेने: व्हिन्सेंट सारिच आणि ॲलन विल्सन यांनी १९६७ साली रक्तातील प्रथिनांची तुलना करून माणूस आणि चिंपांझी यांचे वंश सुमारे ५० लाख वर्षांपूर्वीच वेगळे झाल्याचे सांगितले, आणि हाडांच्या अभ्यासकांनी ते बराच काळ मनावर घेतले नाही. अखेर पाकिस्तानातील पोटवार पठारावर मिळालेल्या, रामापिथेकसच्या निकटच्या ‘शिवापिथेकस’ या कपीच्या चेहऱ्याचे वर्णन स्वतः पिलबीम यांनी १९८२ साली प्रसिद्ध केले, तेव्हा तो चेहरा ओरांगउटानशी मिळताजुळता असल्याचे दिसले. रामापिथेकस हे नाव शिवापिथेकसमध्ये विलीन झाले, आणि शिवालिकचे हे कपी मानवी वंशावळीतून कायमचे बाहेर पडले. प्रथिनांवरून काढलेला तो आकडा आता थोडा मागे नेला जातो आणि फाटाफूट साधारण ६० ते ८० लाख वर्षांपूर्वी झाली असे मानले जाते.

रामापिथेकसच्या प्रकरणातून जबड्यावरून चाल ओळखता येत नाही हे स्पष्ट झाले. ती ओळखायची तर कंबर, मांडी, गुडघा आणि पाऊल यांची हाडे हवीत. चिंपांझीला दोन पायांवर चालताना पाहिले तर त्याची अडचण सहज लक्षात येते: त्याचे गुडघे आणि कंबर वाकलेली राहतात आणि प्रत्येक पावलागणिक सारे धड एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला झुकते. चालताना दर पावलाला एक पाय हवेत असतो, आणि त्या क्षणी शरीराचा सगळा भार दुसऱ्या पायावर येऊन कंबर उचललेल्या पायाच्या बाजूला कलंडू पाहते. माणसात हे कलंडणे नितंबाच्या बाजूचे स्नायू थोपवतात. कमरेचे रुंद हाड, ज्याला श्रोणी म्हणतात, ते माणसात आखूड, पसरट आणि बाजूंना वळलेले असते, त्यामुळे हे स्नायू सांध्याच्या बाजूला येतात आणि टेकलेल्या पायाच्या बाजूने कमरेला ताणून धरतात. चिंपांझीचे तेच हाड उंच आणि चपटे असून त्याचे रुंद पाते पाठीकडे असते, म्हणून तेच स्नायू त्याच्या बाबतीत पाय मागे रेटण्याचे काम करतात आणि तोल सांभाळण्यास फारसे उपयोगी पडत नाहीत.

मांडीच्या हाडातही असाच फरक आहे. माणसाच्या मांड्या कमरेपासून गुडघ्यांकडे येताना एकमेकींच्या जवळ येतात, आणि त्यामुळे पाऊल शरीराच्या मध्यरेषेखाली पडते. चिंपांझीच्या मांड्या सरळ खाली उतरत असल्याने त्याची पावले फाकलेली पडतात. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की हा तिरपेपणा माणसाच्या अर्भकात जन्मतः नसतो, तो मूल चालू लागल्यावर हाडावर पडणाऱ्या भारामुळे तयार होतो, आणि जी मुले काही कारणाने कधीच चालू शकत नाहीत त्यांच्यात तो दिसत नाही. म्हणजेच एखाद्या जीवाश्मात हा कोन आढळला, तर त्या प्राण्याला केवळ चालता येत होते असे नव्हे, तर तो लहानपणापासून खरोखर चालत होता असे म्हणता येते. पावलाची रचनाही पूर्णपणे बदललेली आहे: कपींचा पायाचा अंगठा हाताच्या अंगठ्यासारखा फाकतो आणि फांदी पकडतो, तर माणसाचा अंगठा इतर बोटांच्या ओळीत येऊन चालताना जमिनीला शेवटचा रेटा देतो, टाच मोठी झालेली असते आणि तळव्याला उभी व आडवी अशा कमानी असतात, ज्या भार पडताच किंचित दबतात आणि पाऊल उचलताना ताठ होतात.

ही सारी लक्षणे एकाच सांगाड्यात तपासण्याची पहिली मोठी संधी इथिओपियाच्या अफार प्रदेशाने दिली. हदार येथे डोनाल्ड योहान्सन यांना १९७३ साली गुडघ्याचा एक सांधा सापडला होता, ज्यात वर वर्णन केलेला कोन स्पष्ट होता. पुढच्याच वर्षी, २४ नोव्हेंबर १९७४ रोजी, त्याच परिसरात एका मादीच्या सांगाड्याचा सुमारे ४० टक्के भाग मिळाला. जगभर ‘लुसी’ या नावाने ओळखला जाणारा हा सांगाडा सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीचा असून त्याची जात ‘ऑस्ट्रेलोपिथेकस अफारेन्सिस’ आहे. लुसीची उंची जेमतेम एक मीटरच्या वर होती. तिच्या जातीचा मेंदू चिंपांझीहून थोडासाच मोठा, आजच्या माणसाच्या साधारण एक तृतीयांश होता. पण श्रोणी आखूड आणि पसरट, आणि मांडीचे हाड तिरपे होते. कमरेखाली माणसाकडे झुकलेला आणि मानेवर कपीसारखा असा हा देह समोर आल्यावर मेंदू आधी की चाल आधी या वादात फारसे काही उरले नाही.

त्यानंतर चारच वर्षांनी टांझानियात थेट पावलांचेच ठसे मिळाले. ओल्डुवाई घळीच्या दक्षिणेस असलेल्या लाएतोली येथे सुमारे ३६ लाख ६० हजार वर्षांपूर्वी ज्वालामुखीची बारीक राख पडली, त्यावर पाऊस झाला, ओल्या राखेवरून हत्ती, गेंडे, हरणे, गिनी कोंबड्या यांच्याबरोबर काही होमिनिनही चालत गेले, आणि राख सिमेंटसारखी घट्ट झाल्यावर पुढच्या राखेच्या थरांनी हे सगळे झाकून टाकले. मेरी लीकी यांच्या पथकाला १९७८ साली सापडलेला हा होमिनिनांचा माग सुमारे २७ मीटर लांबीचा असून त्यात टाचेचा खोल ठसा, कमानीची जागा आणि इतर बोटांच्या बरोबरीने असलेला अंगठा स्पष्ट दिसतो. पावसाच्या थेंबांचे व्रणही जवळपास टिकून आहेत. हाडांवरून चाल अनुमानाने काढावी लागते, इथे ती चालच शिल्लक राहिली होती. उत्खननानंतर हा माग संरक्षणासाठी मातीखाली पुरून ठेवण्यात आला, पण त्या मातीत बाभळीच्या वर्गातील झाडे उगवून त्यांच्या मुळांमुळे ठशांनाच धोका निर्माण झाला, आणि १९९० च्या दशकात तो पुन्हा उघडून, मुळे काढून, नव्याने झाकावा लागला.

लुसीच्या जातीविषयीचा वाद मात्र पूर्णपणे मिटला नाही. तिचे हात पायांच्या मानाने लांब होते, बोटांची हाडे वाकडी होती आणि खांद्याचा सांधा वरच्या दिशेला झुकलेला होता, जी सगळी झाडावर चढणाऱ्यांची लक्षणे आहेत. काही अभ्यासक ही लक्षणे पूर्वजांकडून आलेला, उपयोग संपलेला वारसा समजतात, तर इतरांच्या मते ही जात रात्री झोपण्यासाठी आणि अन्नासाठी नियमितपणे झाडावर जात असे. इथिओपियातील डिकिका येथे मिळालेल्या ३३ लाख वर्षांपूर्वीच्या त्याच जातीच्या बालकाचे खांद्याचे हाड गोरिलासारखे आहे आणि पायाचा अंगठा माणसापेक्षा अधिक हलणारा होता, हे पाहता दुसरे मत अधिक पटणारे वाटते. सिंह-तरसांच्या प्रदेशात एक मीटर उंचीच्या, शस्त्रहीन प्राण्याने रात्री जमिनीवर झोपणे तसेही शहाणपणाचे नव्हते.

लुसीच्या मागे गेले की पुरावा विरळ होत जातो आणि मतभेद दाट. इथिओपियातील आरामिस येथे १९९४ पासून मिळालेला ‘आर्डिपिथेकस रामिडस’चा सांगाडा इतका ठिसूळ होता की त्याची साफसफाई, जुळणी आणि अभ्यास यांत पंधरा वर्षे गेली आणि सविस्तर निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. ४४ लाख वर्षांपूर्वीच्या या प्राण्याची श्रोणी वरच्या भागात आखूड आणि खालच्या भागात कपीसारखी होती, पायाचा अंगठा पूर्णपणे फाकणारा होता, आणि तरीही टिम व्हाइट व ओवेन लव्हजॉय यांच्या पथकाच्या मते तो जमिनीवर दोन पायांवर चालत असे. चिंपांझी आणि गोरिला जमिनीवर मुठी टेकून, बोटांच्या मधल्या पेरांवर भार देत चालतात, तशा चालीच्या खुणा त्याच्या हातात नव्हत्या. म्हणजे माणसाचा पूर्वज चिंपांझीसारखा चालत होता आणि हळूहळू सरळ झाला, हे शाळेच्या भिंतीवरील तक्त्यात दिसणारे वाकलेल्या कपीपासून ताठ माणसापर्यंतचे चित्र बहुधा चुकीचे आहे. त्याहून जुना, केनियाच्या तुगेन टेकड्यांतील ‘ओरोरिन’ सुमारे ६० लाख वर्षांपूर्वीचा आहे आणि त्याच्या मांडीच्या हाडावरून तो द्विपाद असल्याचे ब्रिजिट सेन्यू व मार्टिन पिकफर्ड यांनी मांडले. चाडच्या वाळवंटात मिशेल ब्रुने यांच्या पथकाला २००१ साली मिळालेला ‘साहेलान्थ्रोपस’ तर सुमारे ७० लाख वर्षांपूर्वीचा आहे. त्याच्या कवटीचे छिद्र पुढे सरकलेले आहे, परंतु त्याच ठिकाणच्या मांडीच्या एका हाडावरून काही संशोधक त्याला द्विपाद म्हणतात आणि काही त्याच हाडावरून नेमके उलट सांगतात. ज्या हाडाची दोन्ही टोके तुटलेली आहेत त्याच्याकडून याहून निर्णायक साक्ष मिळणे कठीणच.

दोन पायांवर चालणे का सुरू झाले, या प्रश्नाची उत्तरे पुराव्यापेक्षा अधिक आहेत. आफ्रिकेत हवामान कोरडे होऊन जंगलाची जागा गवताळ माळरानाने घेतली आणि उंच गवतावरून पाहण्यासाठी पूर्वज उभे राहिले, हे उत्तर सर्वांत प्रसिद्ध आणि आज सर्वांत डळमळीत आहे, कारण आर्डिपिथेकस बऱ्यापैकी झाडी असलेल्या भागात राहत होता असे त्याच्या अभ्यासकांचे म्हणणे आहे. टांझानियातील इस्सा खोऱ्यात, जिथे माळरान आणि विरळ झाडी यांची सरमिसळ आहे, तेथील चिंपांझींवर २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की ते दोन पायांवर उभे राहतात ते मुख्यतः झाडांवर. सुमात्रातील ओरांगउटानही पातळ, लवचिक फांद्यांवर हाताने वरचा आधार धरून पाय ताठ ठेवून चालतात. या निरीक्षणांवरून ताठ चालीचा आरंभ जमिनीवर न होता फांद्यांवर झाला असावा, ही कल्पना गेल्या दोन दशकांत बळावली आहे. लव्हजॉय यांनी १९८१ साली नराने मादीसाठी अन्न वाहून आणण्यातून द्विपादता आली असे सुचवले होते. त्या मांडणीतील कुटुंबाचे चित्र विसाव्या शतकातील अमेरिकेच्या मध्यमवर्गासारखे वाटते अशी टीका झाली, पण वाहून नेण्याचा मुद्दा मात्र टिकून आहे, कारण गिनीतील बोसू येथील चिंपांझी दुर्मीळ आणि आवडीची फळे मिळाली की अधिक वेळा दोन पायांवर चालतात, म्हणजे जास्तीत जास्त फळे हातांत धरून नेता येतात.

ऊर्जेचा हिशेब या सगळ्यांपेक्षा अधिक पक्का आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चिंपांझींना आणि माणसांना सरकत्या पट्ट्यावर चालवून त्यांना लागणारा प्राणवायू मोजण्यात आला, तेव्हा माणसाला चालण्यासाठी चिंपांझीपेक्षा सुमारे ७५ टक्के कमी ऊर्जा लागते असे आढळले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सगळे चिंपांझी एकसारखे नव्हते. काहींना दोन पायांवर चालणे महाग पडत होते, तर एकाला ते चार पायांपेक्षा स्वस्त पडत होते. नैसर्गिक निवडीला, म्हणजे ज्या फरकामुळे जगणे सोपे होते तो फरक पिढ्यानपिढ्या वाढत जाण्याच्या प्रक्रियेला, सुरुवातीसाठी एवढीच तफावत पुरेशी असते. या सर्व कारणांतून एकच निवडण्याचा आग्रह धरण्याचे प्रयोजन दिसत नाही. फांदीवर ताठ उभे राहण्याची मूळ सवय, विरळ होत गेलेल्या झाडांमधले वाढते अंतर आणि ते कमी श्रमात कापण्याचा फायदा ही कारणे वेगवेगळ्या काळी एकामागून एक कामी आली असणे अधिक संभवते.

शिवाय द्विपादतेचा एकच नमुना नव्हता. इथिओपियातील बुर्तेले येथे ३४ लाख वर्षांपूर्वीच्या एका पावलाची हाडे मिळाली, ज्यात अंगठा फाकणारा आहे. म्हणजे लुसीची जात माणसासारखी पावले टाकत असताना जवळच दुसरा एक होमिनिन फांद्या पकडणाऱ्या पावलांनी वावरत होता. लाएतोली येथेच १९७६ साली दिसलेले आणि एकेकाळी अस्वलाचे ठरवलेले काही ठसे पुन्हा उघडून तपासल्यावर, २०२१ साली, ते वेगळ्या प्रकारे चालणाऱ्या होमिनिनाचे असल्याचे सांगण्यात आले. आणि केनियात तुर्काना सरोवराकाठी १५ लाख वर्षांपूर्वीच्या एकाच चिखलात दोन निरनिराळ्या जातींच्या पावलांचे ठसे आढळल्याचे २०२४ साली प्रसिद्ध झाले. लांब पाय, अरुंद कंबर आणि दूरवर चालण्यास व धावण्यास योग्य असा आजच्यासारखा देह ‘होमो इरेक्टस’मध्ये दिसतो, ज्याचा सर्वांत पूर्ण सांगाडा, एका किशोराचा, कामोया किमेऊ यांना १९८४ साली तुर्काना सरोवराजवळ मिळाला. त्या किशोराचा मेंदू सुमारे ८८० घन सेंटिमीटर होता. लुसीपासून त्याच्यापर्यंत सुमारे १७ लाख वर्षे गेली, आणि ओरोरिनपासून लुसीपर्यंत त्याहूनही अधिक.

हा क्रम, चाल आधी आणि मेंदू नंतर, माणसाच्या शरीरात आजही अडचणीचा ठरतो. ताठ चालीसाठी कण्याच्या कमरेकडील भागाला बाक आला आणि त्याबरोबर तिथल्या मणक्यांवरचा भार वाढला; गर्भारपणात पोट पुढे येऊन तोल ढळतो, म्हणून स्त्रियांच्या कण्यात हा बाक तीन मणक्यांवर विभागलेला असतो, पुरुषांत दोन मणक्यांवर, आणि हा फरक ऑस्ट्रेलोपिथेकसमध्येही दिसतो. श्रोणी चालण्यासाठी घडून गेल्यानंतर लाखो वर्षांनी मेंदू वाढू लागला, तेव्हा वाढलेल्या डोक्याला बाहेर पडण्यासाठी आधीच ठरलेली वाट मिळाली. माणसाचे मूल प्रौढ मेंदूच्या ३० टक्क्यांहूनही कमी आकाराचा मेंदू घेऊन जन्मते, तर चिंपांझीचे पिल्लू सुमारे ४० टक्के. बाळ इतके अपरिपक्व जन्मते ते श्रोणीच्या मर्यादेमुळे, असे शेरवुड वॉशबर्न यांनी १९६० साली मांडले. २०१२ साली हॉली डन्सवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याला आव्हान देऊन असे सुचवले की गर्भाला ऊर्जा पुरवण्याची आईच्या शरीराची कमाल मर्यादा गाठली जाते आणि म्हणून प्रसूती होते, श्रोणीची रुंदी हे त्याचे मुख्य कारण नसावे. हा वाद अजून चालू आहे.